चपलांपाशी

"...पण त्याला काय सांगितलंत, बाबा?"

तडवीबाबा चपलेत शिरलेला खडा शोधत होते.

"मी आत होतो तेव्हा. तिन्ही ठिकाणी. बाहेर बसून त्याला काय सांगितलंत?"

खडा सापडला. बाबांनी तो तळहातावर घेतला, निरखला, रस्त्याच्या कडेला ठेवून दिला.

"प्राध्यापकसाहेब, तुम्ही तर आत होतात. तुम्हाला बाहेरचं कशाला हवं?"

माघातली दुपार होती. बुऱ्हाणपूर शहर संपवून तिघं बोहऱ्यांच्या दर्ग्याकडे चालले होते, आणि रस्त्यातच हा प्रश्न निघाला.

विचारणारे रत्नाकर भिरूड. सत्तरी उलटलेली. जळगावच्या कॉलेजात त्यांनी इतिहास शिकवला, आणि ह्याच शहरावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. ज्याच्याबद्दल विचारलं तो दगडू शिंपी. रावेरच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तर. तो चार पावलांवर उभा राहून विजेच्या खांबाकडे बघत होता. ऐकू सगळं येत होतं.

तडवीबाबा फकीर. तरुणपणी सातपुड्याच्या पायथ्याहून आले आणि शहराबाहेर तापीकाठी एका चिंचेखाली राहिले. येणाऱ्याला हाकलत नसत, बसवूनही घेत नसत. नेमानं येणारे हे दोघंच. भिरूड पंधराएक वर्षं येत होते. दगडू दोन.

गावात फिरायचं आदल्या भेटीतच ठरलं होतं. त्या सकाळी बाबांनी दोघांना सांगितलं की गुडघे संपले, गावातला हा शेवटचा फेरा. उद्यापासून चिंचेखालून उठायचं नाही आणि कुणाशी बोलायचंही नाही. दोघांना जे द्यायचंय ते आज चालता चालता देऊन टाकतो.

आधी कुणाला, ते मात्र बोलले नव्हते.

*

सकाळी शनवाऱ्याच्या दरवाज्यातून गावात शिरताना भिरूडांनी आपला खांदा पुढे केला होता. बाबांना आधार लागणार, हे उघड होतं.

बाबांनी हात ठेवला तो दगडूच्या खांद्यावर.

"तुम्ही पुढे चला," ते भिरूडांना म्हणाले. "गाव तुम्हाला ठाऊक."

त्यामुळे भिरूड पुढे आणि ते दोघं मागे, अशी वरात निघाली.

सूत रंगवणाऱ्यांच्या गल्लीत गटारातून निळं पाणी वाहत होतं. पुढच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खटखट, इतकी की बोलणाऱ्याचे ओठच तेवढे दिसावेत. दुकानांच्या पाट्या उर्दूत, हिंदीत, गुजरातीत. एका न्हाव्यानं मराठीतही लिहिलं होतं आणि दाढीची ढी चुकवली होती. लाल-पिवळ्या रिद्यातल्या, म्हणजे झालरीच्या बुरख्यातल्या, दोन बोहरी बायका एका सिंधी दुकानदाराशी कापडाच्या भावावरून निमाडीत भांडत होत्या.

भिरूड ह्यातलं काही बघत नव्हते. ते मागचं ऐकायचा प्रयत्न करत होते.

मधूनच ते थांबत, एखाद्या पडक्या कमानीकडे बोट दाखवत, कुणी बांधली ते सांगत. सांगून मागे वळत, तर मागे कुणी नसे. एकदा ते दोघं बरेच मागे राहून एका बकरीशी बोलत होते. बकरी दगडूच्या पिशवीत तोंड घालत होती आणि बाबा तिची बाजू घेत होते.

आपल्याला हे सलतंय, हे भिरूडांना कळत होतं. शिकलेला माणूस. ह्याला हेवा म्हणावं की मत्सर, असाही विचार त्यांनी केला. दुसऱ्याकडे आहे ते आपल्यालाही हवं, तो हेवा. त्याच्याकडे ते असूच नये, तो मत्सर. आपलं कुठलं, हे ठरवेपर्यंत जामा मशिदीच्या पायऱ्या आल्या.

चपला काढायच्या होत्या.

"प्राध्यापकसाहेब, तुम्ही जाऊन बघून या," बाबा म्हणाले. "आम्ही दोघं बसतो चपलांपाशी."

आम्ही दोघं.

आपण असं बाबा कधीच म्हणत नसत. आपण म्हटलं की समोरचाही आत येतो. आम्ही म्हटलं की तो दाराबाहेर.

भिरूड मशिदीत गेले. दक्षिणेकडच्या टोकाला एक शिलालेख आहे, वर अरबी, खाली संस्कृत. त्यावर त्यांनी कधीकाळी निबंध लिहिला होता आणि त्या निबंधाची वाहवा झाली होती. ते त्याच्यापुढे उभे राहिले. दुसऱ्या ओळीपर्यंत डोळे गेले... आणि बाहेर आता काय चाललं असेल, एवढंच मनात राहिलं.

देवळात गेलेल्या माणसाचं चित्त चपलांत असतं, यावर ते वर्गात विनोद करत. आता त्यांचं चित्त चपलांतही नव्हतं. चपलांपाशी बसलेल्या दोन माणसांत होतं.

ते लवकर बाहेर आले. बाबा बोलत होते, ते थांबले.

"पाहिलंत?"

"पाहिलं."

दगडू त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. भिरूडांना ते आवडलं नाही.

*

चौकात माव्याची जिलबी काढत होते. बाबांनी एका पानावर दोन जिलब्या घेतल्या. एक मोडून अर्धी दगडूच्या हातावर ठेवली, अर्धी आपल्या तोंडात टाकली.

मग दुकानदाराला म्हणाले, "आणि साहेबांना बशी दे. धुऊन दे. चमचा दे."

भिरूड चकचकीत बशीतली जिलबी चमच्यानं नुसती मोडत राहिले. पंधरा वर्षं हीच बशी. चिंचेखाली सगळे मातीत बसत, आणि ते आले की बाबा घोंगडी झटकून अंथरत. बसा साहेब. प्रवास बरा झाला ना? तुमच्या प्रकृतीला जपा.

आणि दगडूला? अरे दगड्या, तोंड पूस. अरे, मागच्या वेळी आला नाहीस, मेला होतास का?

मेला होतास का... असं आपल्याला कुणी विचारलं, त्याला किती वर्षं झाली?

स्वामीनारायणाच्या देवळातही तसंच झालं. भिरूडांनी आत जायचं, त्या दोघांनी चपलांपाशी बसायचं. भिरूड उंबऱ्यापर्यंत पोचले असतील नसतील, तोच मागून हसणं ऐकू आलं. बाबा हसत होते. पोट धरून, खोकला येईपर्यंत. दगडूही हसत होता.

माझ्यावरच हसत असणार, भिरूडांना वाटलं. दुसऱ्या कशावर हसतील?

देवापुढे दोन रांगा गुजराती बायकांच्या होत्या. त्या काहीतरी गोड चालीत म्हणत होत्या. भिरूडांनी हात जोडले. मागितलं काय, ते त्यांना बाहेर आल्यावर आठवेना. दगडूचं वाईट व्हावं असं मागितलं नसावं. पण खात्री नव्हती.

*

गुरुद्वाऱ्यात मात्र चपला सांभाळायचा प्रश्नच नव्हता. दारालगत जोडाघर होतं. एक वयस्क सरदारजी येणाऱ्याचे जोडे दोन्ही हातांनी घेई, फळीवर ठेवी आणि बिल्ला देई.

म्हणजे आता तिघंही आत, असं भिरूडांना वाटलं. त्यांनी डोक्याला रुमाल बांधला, बाबांसाठी दुसराही काढून ठेवला.

"तुम्ही जाऊन या," बाबा म्हणाले. "आम्ही इथं ओट्यावर बसतो."

भिरूड रुमाल हातात धरून उभे राहिले. म्हणजे चपला हे निमित्त होतं. सकाळपासून निमित्तच होतं.

आत शबद-कीर्तन चालू होतं. त्यांनी माथा टेकला, आणि सेवादारानं ओंजळीत कडाह प्रसादाचा शिरा घातला. गरम तूप मनगटाकडे ओघळू लागलं. बाहेरच्या दोघांसाठी त्यातला थोडा न्यायचा, हे त्यांना माहीत होतं. ते वऱ्हांड्यापर्यंत आले आणि एका खांबाआड थांबले.

ओट्यावर बाबांचं तोंड दगडूच्या कानापाशी होतं. ओठ हलत होते. दगडू सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होता.

झालं. देऊन झालं.

भिरूडांनी खांबाआड उभं राहून सगळा प्रसाद एकट्यानं खाल्ला.

*

आता दर्ग्याच्या रस्त्यावर बाबा खडा काढून पुन्हा चालू लागले होते. हात दगडूच्याच खांद्यावर.

"सांग की रे," ते दगडूला म्हणाले. "साहेब विचारतायत. काय सांगितलं मी तुला?"

दगडू पिशवीचा बंद पिळू लागला.

"अरे, वाचा गेली का?"

"मशीद सांगितली," दगडू पुटपुटला.

"मशीद सांगितली म्हणजे?" भिरूडांनी विचारलं.

दगडूनं थांबत थांबत सांगितलं ते असं. प्राध्यापक आत गेल्यावर त्यानं बाबांना विचारलं होतं की आत काय असेल. मग बाबा सांगू लागले. एका कमानीतून दुसरी दिसते, दुसरीतून तिसरी, आणि शेवटची इतकी लहान की तिच्यातून फक्त चिमणी जाईल असं वाटतं. टोकाला एक दगड आहे. त्यावर अरबी उजवीकडून निघते आणि संस्कृत डावीकडून, दोघी बहिणी एकमेकींना भेटायला निघाल्यासारख्या.

भिरूड चालायचे थांबले. त्या दगडावर त्यांनी निबंध लिहिला होता.

"आणि देवळात हसत होतात ते?"

"ते होय..." दगडूला आत्ताही हसू आलं. "माझ्या चपला बघून बाबा म्हणाले, ह्या सांभाळायच्या कशाला? चोर आला तर ह्या बघून स्वतःच्या ठेवून जाईल."

भिरूडांनी दगडूच्या पायांकडे पाहिलं. एका चपलेला सुतळीचा आंगठा होता.

"माझ्यावर नव्हता हसत?"

"तुमच्यावर? सर, तुमच्यावर हसायची कुणाची छाती आहे?"

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"मग रडत का होतास? गुरुद्वाऱ्यात? मी पाहिलं. बाबा तुझ्या कानात सांगत होते आणि तू रडत होतास."

रस्त्याच्या कडेनं केळीचा ट्रॅक्टर गेला, धूळ उडाली, बसली.

"बाबा विचारत होते, का रडतोस म्हणून."

"मग?"

"तुमच्यामुळे, सर."

"माझ्यामुळे?"

"मी पोरांना कमानी काढायला शिकवतो," दगडू म्हणाला. त्याची नजर खालीच होती. "आजपर्यंत एका कमानीखाली उभा राहिलो नाही. बुऱ्हाणपूर बघायचं म्हणून रात्रभर झोपलो नव्हतो. आणि सकाळपासून काय? तुम्ही आत, मी चपलांपाशी. तुम्हाला साहेब. तुम्हाला बशी. मला अरे, दगड्या, तोंड पूस. गुरुद्वाऱ्यात तर चपलाही नव्हत्या, तरी मी बाहेर. वाटलं, आपली पायरीच ती. जे द्यायचं ते बाबा तुम्हाला देणार. आत पाठवून देणार. तुम्ही बाहेर आलात की मी तुमच्या तोंडाकडे बघायचो... मिळालं का, ते."

भिरूडांना आठवलं. तीन वेळा तो तसा बघत होता.

"मला?" ते म्हणाले. "अरे, मला पंधरा वर्षांत एकदा..."

पुढचं बोलावं की नाही, त्यांना ठरवता येईना. वय झालेलं, ग्रंथ लिहिलेले. आणि सांगायचं काय, तर हे.

"एकदासुद्धा मला 'अरे' म्हणाले नाहीत."

दगडूनं मान वर केली.

"तुम्हाला 'अरे' म्हणवून घ्यायचंय?"

भिरूडांनी खिशातला रुमाल काढून घाम पुसला.

"मग आमच्या शाळेत या, सर. हेडमास्तर दिवसभर म्हणतात."

बाबांचा खांदा हलला. ते हसले की ठसका लागला, ते पाठमोरं असताना कळलं नाही.

तिघं थोडं अंतर चालले. एकाचं दुसऱ्याकडे बघणं होत नव्हतं. मग दगडूनंच विचारलं.

"सर, एक विचारू? त्या दगडावर... जिथं दोघी भेटायला निघाल्यात... तिथं उजेड कुठून येतो? बाबांना आठवत नव्हतं. डावीकडून की समोरून?"

शिलालेख कुठल्या राजानं कोरवला, कुठल्या साली, कुठल्या तिथीला, हे भिरूडांच्या जिभेच्या टोकावर होतं. खालच्या ओळीतल्या एका अक्षरावरून त्यांनी दोन विद्वानांशी वाद घातला होता.

उजेड...

आज सकाळी ते तिथं उभे होते. त्याआधीही कितीदा तरी उभे राहिले होते.

"सांगा ना, सर. मला काढून बघायचंय."

"बघितलं नाही," भिरूड म्हणाले.

दगडूला ते खरं वाटलं नसावं. मुद्दाम सांगत नाहीत, असं त्याच्या तोंडावर दिसलं. भिरूडांना आणखी काही सांगावंसं वाटत होतं, प्रसाद एकट्यानं खाल्ल्याचंही कदाचित. पण तेवढ्यात दर्ग्याचा दरवाजा आला.

*

पांढऱ्या दगडाचं आवार दुपारच्या उन्हात डोळ्यांना सहन होत नव्हतं. दाराशी पायरी होती. पायरीवर थोडी सावली होती.

सवयीनं भिरूड पुढे झाले. ते पुढे आणि दगडू चपलांपाशी, हे आता ठरल्यासारखंच होतं. दगडूनं पायरीवर बसायला जागाही पुसून घेतली.

बाबांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढला.

"दगडूराव," ते म्हणाले, "चला. तुम्ही आत चला."

दगडूनं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मी?"

"तुम्हीच. सावकाश बघा. घाई नाही. पायऱ्या जपून."

दगडूचा चेहरा उतरला. वाटेत इतकं बोलून गेला होता, आणि आता ते मिळाल्यावर त्याला कुठं बघावं ते कळेना. हा माणूस अर्ध्या जिलबीवरून बशीवर आला होता. त्यानं सुतळीची चप्पल काढली, नीट जुळवून ठेवली, बाबांकडे एकदा पाहिलं. बाबांनी त्याला अदबीनं वाट करून दिली. तो परका पाहुणा असावा तसा आत गेला.

भिरूड उभेच होते. त्यांच्या एका पायात चप्पल होती, एक निघाली होती.

बाबा वळले. भिरूडांकडे त्यांनी थोडा वेळ बघितलं... पंधरा वर्षांत असं बघितलं नव्हतं.

"रत्ना."

त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"बस रे इथं. चपला बघ."

रत्नाकर दुसरी चप्पलही काढून पायरीवर बसला. बसताना गुडघा वाजला. पंधरा वर्षं ज्यासाठी जळत होता ते 'रे' ह्या एका अक्षराचं होतं, आणि ते मिळालं होतं. त्यानं थोडं सरकून शेजारी जागा केली. दगडूशेजारी बाबा बसत, तेवढी.

बाबांनी आपल्या चपला काढल्या. एक इकडे, एक तिकडे. पण बसले नाहीत. भिंतीला धरून ते दाराकडे निघाले.

"बाबा... तुम्ही आत जाताय?"

"हो."

"दिवसभरात कुठंच आत गेला नाहीत."

"नाही गेलो."

"मग आता मी इथं एकटा..."

बाबा थांबले नाहीत. उंबऱ्यापर्यंत पोचले. आतून दगडूचा आवाज आला, काहीतरी पाहून आपोआप निघालेला, शब्द नसलेला. रत्नाकरचे कान त्या आवाजामागे आत गेले. काय पाहिलं त्यानं? बाबा आता त्याच्याजवळ जाणार. त्याला दाखवणार. आणि जे द्यायचंय ते...

त्याच्यापुढे तीन जोड चपला होत्या. त्यानं त्यांच्याकडे बघितलं नाही.

"बाबा," त्यानं हाक मारली. आवाज म्हाताऱ्याचा नव्हता. "मला द्यायचं होतं ते?"

बाबा उंबऱ्यावर वळले. मागे ऊन होतं. तोंड दिसत नव्हतं.

"बस, रत्ना. चित्त आतच आहे ना तुझं? मी बाहेर आलो, की तू मला सांग... आत काय होतं ते."